जित्या माणसाला दिलेला खांदा

मी एक जुनी डोली आहे. मित्रांनो, डोली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर नटलेली नवरी आली असेल, तर तिला आधी खाली उतरवा. माझ्यात नवरी कधीच बसली नाही. बसले ते तापाने फणफणलेले, साप चावलेले, झाडावरून पडलेले, आणि सगळ्यांत जास्त अडलेल्या बाळंतिणी. एक जाडजूड वेळू आणि त्याला दोन्ही टोकांना बांधलेली काळी घोंगडी, एवढंच माझं रूप. दिसायला मी काही खास नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

चाकणजवळच्या कातळवाडीत, बौद्धवाड्यात, १९६२ साली माझा जन्म झाला. भिवाची आई चिमाबाई तापाने निपचित पडली होती. वाडीला धड रस्ता नव्हता आणि ओढ्यातून बैलगाडी जात नव्हती. भिवाने वेळू तोडला, अंगावरची घोंगडी त्याला बांधली आणि आईला त्यात निजवून भाऊबंदांच्या मदतीने चाकणच्या दवाखान्यात नेलं. चिमाबाई बरी होऊन स्वतःच्या पायांनी घरी आली आणि मी गुणाची ठरले. गावातले लोक बौद्धवाड्यात पाणी पीत नसत. पण त्यांच्यातलेच सोपानराव बैलाच्या धक्क्याने पडले आणि त्यांचा पाय मोडला, तेव्हा ते माझ्यात निमूट बसले. दुखऱ्या पायाला शिवाशीव सुचत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. पुढे मी साऱ्या वाडीचीच झाले.

मला उचलायला चार माणसं लागत. दोघं खांद्यावर घेत, दोघं बरोबर चालत, आणि ठरलेल्या जागी खांदा बदलत. पहिला बदल लिंबाखाली, मग ओढ्याच्या काठावर, मग म्हसोबापाशी. त्यामुळे आमच्या वाडीत चाकणची वाट मैलांत कुणी मोजत नसे. “दवाखाना किती लांब?” विचारलं की उत्तर यायचं, “सात खांदं.” पावसाळ्यात त्याच वाटेला दहा खांदे लागत.

मग पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, भोसरीही गजबजली. भिवा कंपनीत लागला, केसरबाईचा मुलगा भीमराज लागला, गावातला ज्योतीराम लागला. पहाटे सायकली मोठ्या रस्त्याकडे पळू लागल्या. घरांवर कौलं चढली, मुलांच्या पायांत चपला आल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण दिवस उजाडला की वाडीत म्हातारे, बायका आणि पोरं एवढीच माणसं उरत. माझे खांदे कंपनीत गेले होते, आणि आजार काही शिफ्ट बघून येत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. भीमराजची बायको कस्तुरा पहिलटकरीण होती. सासू केसरबाई स्वतः सुईण. तिने सुनेच्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. हे काम तिच्या हातातलं नव्हतं. पुरुष सगळे पहिल्या शिफ्टला गेलेले. “येतील आता, येतील आता,” करत बायका वाटेकडे डोळे लावून बसल्या. मी केसरबाईच्या घरात आढ्याला टांगलेली होते आणि कस्तुराचं विव्हळणं ऐकत होते. अखेर केसरबाईने मला खाली काढलं.

गावातली दुर्गाबाई दारातच थबकली. “अगं, बायकांनी खांदा द्यायचा नसतो. अपशकुन असतो तो.”

“मेलेल्याला द्यायचा नसतो,” केसरबाई म्हणाली. “ही जिती हाय. उचला!”

केसरबाई, शेजारच्या अंबूबाई नि सरूबाई, आणि ती दुर्गाबाईसुद्धा. पदर खोचून चौघींनी मला उचललं. त्यांची उंची सारखी नव्हती, मी एका बाजूला कलत होते, पण एकदाही टेकले नाही. कस्तुरा वाचली. बाळ मात्र वाचलं नाही. “थोडं आधी आणायला हवं होतं,” एवढंच दवाखान्यातले डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. परतताना माझ्यात कस्तुरा होती आणि तिची ओटी रिकामी होती. मित्रांनो, त्या दिवसाइतकी जड मी कधीच झाले नाही.

त्यानंतर चौघी रडत बसल्या नाहीत. वाडीतच नर्स हवी, असा त्यांनी ध्यास घेतला. सुट्टीच्या दिवशी पुरुषांना कामाला जुंपून त्यांनी दोन खोल्या उभ्या केल्या. पण खोल्यांना नर्स कोण देणार? सरकार म्हणे पैसा नाही. खोल्यांत शेळ्या बसू लागल्या. तशात कस्तुराला पुन्हा दिवस गेले. भर पावसाळ्यात तिचं बाळंतपण येणार होतं, आणि ओढ्याला पूर आला की मलाही पलीकडे जाता येत नसे.

विधानसभेत आरोग्यखात्याच्या खर्चावर चर्चा व्हायची होती. त्याआधी आमदार अर्जुनराव वाडीत आले. माणूस भला होता, फक्त अंगाने भरलेला आणि शब्दांनी सैल. ते म्हणाले, “अहो, चाकण इथून अवघं चार मैल. एवढ्या जवळ दवाखाना असताना मी सभागृहात कुठल्या तोंडाने नर्स मागू?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. केसरबाईने मला त्यांच्यापुढे आणून ठेवलं. “बसा, सायेब.”

ते हसले. बरोबरची मंडळी हसली. कुणीतरी डाफरलंसुद्धा. तेव्हा म्हातारी चिमाबाई काठी टेकत पुढे झाली. “बस की लेकरा. मी बसलीया यात. मेले न्हाई म्या.”

आता म्हाताऱ्या बाईचा शब्द कसा मोडायचा? अर्जुनराव बसले. चौघींनी मला उचललं आणि वेळू असा वाकला की मी मनातल्या मनात माझ्या सगळ्या गाठींना हात जोडले. लिंबापर्यंत ते थट्टा करत होते. ओढ्याच्या दगडांवर सरूबाईचा पाय घसरला, मी हेलकावले, आणि त्यांनी घोंगडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांना सरूबाईचा खांदा दिसला. चोळी फाटून कातडी सोलवटली होती.

“उतरवा मला. मी चालतो,” ते कळवळून म्हणाले.

“बाळंतीण उतरत नसती सायेब,” केसरबाई म्हणाली. “गप बसा.”

 चाकणला उतरल्यावर त्यांनी चौघींना चहा पाजला. स्वतःचा कप मात्र तसाच ठेवला. निघताना म्हणाले, “चर्चेच्या दिवशी तुम्हीही मुंबईला या. मी काय बोलतो ते तुमच्या कानांनी ऐका.”

केसरबाई आणि सरूबाई गेल्या. मला काही तिथे प्रवेश नव्हता. पण परतल्यावर केसरबाईने माझ्याखालीच बसून साऱ्या वाडीला ती चर्चा सांगितली, त्यामुळे मला ती तोंडपाठ आहे. एक सभासद म्हणाले, आधी कारखाने वाढू द्या, संपत्ती येऊ द्या, मग वाड्यावाड्यांतून नर्स नेमू. दुसरे म्हणाले, कातळवाडीपासून दवाखाना चार मैलांवर आहे, तिथे कसली अडचण?

मग अर्जुनराव उठले. “अध्यक्षमहाराज,” ते म्हणाले, “ते चार मैल मी डोलीत बसून गेलो आहे. मला चार बायकांनी वाहून नेलं.”

सभागृहात हशा पिकला. वर गॅलरीत केसरबाई ताडकन उभी राहिली. शिपाई धावत आला, “बाई, खाली बसा. इथे बोलायची मनाई आहे.”

“बसते की. पर त्यास्नी हसू नगा म्हणावं.”

अर्जुनराव हसले नव्हते. हशा संपेपर्यंत ते थांबले. “पुरुष कुठे होते, असं तुम्ही विचाराल. पुरुष आपल्या कारखान्यांत होते. त्या वाडीचे खांदे आपण नेले. घरात पगार आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या जागचे खांदे नेले, त्या जागी आपण काय ठेवलं? संपत्ती आल्यावर नर्स देऊ म्हणता. ती संपत्ती ज्यांच्या घामातून येते, त्यांच्याच बायका वाटेत अडल्या आहेत. आरोग्याचा पैसा कापू नका. माझ्या पक्षाने मला गप्प बसायला सांगितलं, तरी मी हे बोलणार आहे.”

या खेपेला कुणी हसलं नाही. सारं काही मिळालं असं मात्र समजू नका. मागणीतला बराच भाग कापला गेला. तीन वाड्यांना मिळून एक नर्स द्यायचं मंत्र्यांनी कबूल केलं. राहायला खोल्या कुठे तयार आहेत, असा प्रश्न आला, तेव्हा फक्त कातळवाडीचं उत्तर तयार होतं. शेळ्यांना त्याच आठवड्यात बाहेर काढलं.

आषाढात नर्स सुमनताई राहायला आल्या. पुढच्याच महिन्यात कस्तुराला कळा सुरू झाल्या. ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. पुरुष घरी असते तरी मला पलीकडे नेणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. बायकांनी बांधलेल्या खोलीत सुमनताई होत्या, केसरबाई होती, दिवा होता, औषधं होती. मीही आता त्याच खोलीच्या आढ्याला टांगलेली, श्वास रोखून होते. आणि मग बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. माझ्याकडे कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. मला क्षणभर वाईट वाटलं, मग स्वतःचंच हसू आलं. याचसाठी तर मी एवढी हिंदकळले होते!

पुढे काही वर्षांनी सुमनताईंची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली. तेव्हा चौघींनी मला रिकामीच उचललं आणि तालुक्याच्या कचेरीच्या दारात आडवं ठेवलं. “नर्स येईस्तवर ही हितंच ऱ्हाईल,” केसरबाईने साहेबांना बजावलं. येणारा-जाणारा मला ओलांडून जायचा आणि ओशाळायचा. नर्स आली, मगच मला घरी नेलं.

आता माझ्या वेळूला भेगा पडल्या आहेत. परवा शाळेतली मुलं आली होती. मला तेल लावून, रंगवून प्रदर्शनात ठेवायचं त्यांच्या मनात आहे. जुन्या वस्तू जपाव्यात, असं गुरुजींनी त्यांना शिकवलं आहे. गुरुजींचं खरं आहे, पण माझ्यापुरतं ते विसरा. मित्रांनो, मला जपू नका. माझी घोंगडी फाटू द्या, माझ्या वेळूला वाळवी लागू द्या. त्या दोन खोल्यांच्या दाराला मात्र कधी कुलूप लागू देऊ नका.