गुडघ्याचा नवस

बायकांच्या शर्यतीला नाव दिलेल्या बाईला घरातून चोरासारखं निघावं लागतं, ही सूचना शर्यतीच्या पत्रकात छापलेली नव्हती. पत्रकात एवढंच होतं, की आधी धावायचं, मग सायकल चालवायची आणि मग पुन्हा धावायचं. ठिकाण पालघरजवळ कोळगाव, वार रविवार, महिला दिनाच्या तोंडावरचा. सोसायटीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या डब्यात ते पत्रक घडी करून ठेवलेलं होतं. डब्याला झाकण बसत नव्हतं म्हणून समिधाने तो मोठ्या मनाने कामवालीला देऊन टाकला. पत्रक मात्र स्वतःकडे ठेवलं.

समिधा चाळिशीला टेकलेली. नवरा धीरज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. सासूबाई माई मूळच्या कराडकडच्या, आणि बोईसरला इतकी वर्षं काढूनही इथल्या कारखान्यांच्या वासाला 'तुमची हवा' म्हणणाऱ्या. त्यांचा उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी आधी मालीश आणि चालणं सांगितलं, ते त्यांनी केलं नाही. मग डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तेव्हापासून त्या रात्री जाग्या राहून घाबरायला लागल्या.

शर्यतीचं माईंना सांगण्याचा प्रश्नच नव्हता. खालच्या मजल्यावरची दीपिका ट्रॅक पँट घालून फिरायला जायची, तर माई गॅलरीतून आठवडाभर सगळ्यांना विचारत होत्या, "हिच्या मागं कुत्रं लागलंय का गं?"

म्हणून पहिल्या पहाटे समिधा बूट हातात घेऊन, चवड्यांवर चालत दारापर्यंत पोचली. कडी काढली आणि मागून आवाज आला.

"कुठं निघालीस?"

माई अंधारात सोफ्यावर गुडघा धरून बसल्या होत्या.

"देवीला," समिधा म्हणाली. देवी कुठून सुचली, हे तिला स्वतःलाही कळलं नाही.

"कुठल्या?"

"बेटेगावच्या पुढं टेकडीवर आहे ना, ती."

"मग बूट हातात का?"

"अनवाणी जायचंय."

"तर घेतलेस कशाला?"

"येताना घालायला."

माईंनी यावर विचार केला. "नवस बोललीयस?"

खरं सांगायला इथे एका श्वासाएवढी जागा होती. समिधाने तो श्वास घेतला आणि म्हणाली, "हो. तुमच्या गुडघ्याचा. सव्वा महिना रोज जाईन म्हटलं."

माई भिंत धरत गॅलरीत गेल्या, कुंडीतलं जास्वंदीचं फूल तोडून आणलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. "हे वाहा. आणि येताना अंगारा आण."

झालं. आता खोटेपणालाही रोजचं काम लागलं. समिधा घरातून खरोखरच अनवाणी निघायची, कारण माई गॅलरीतून बघायच्या. बूट पिशवीत. कोपऱ्यापलीकडे मेहुलचं सायकलचं दुकान होतं, तिथे तिने त्याच्याकडूनच भाड्याने घेतलेली गिअरची सायकल लपवली होती. तिथे ती तळपाय पुसून बूट घालायची, थोडं धावायची, मग सायकलने उमरोळीपर्यंत जाऊन यायची. सायकलवरून उतरल्यावर पुन्हा धावायचं म्हणजे शिक्षाच. पाय दुसऱ्या कुणाचे तरी मागून आणल्यासारखे पडतात. पण तिसऱ्या आठवड्यात ते तिचे झाले, आणि हमरस्त्यावर एकटीच असताना ती मोठ्याने हसली. लगेच तिला माई आठवल्या.

फुलाचं काय करायचं? मेहुलच्या भिंतीवर माताजींचा फोटो होता, त्याला ती फूल वाहायची. आणि त्याच्यापुढच्या उदबत्तीची राख कागदात बांधून घरी न्यायची.

"भाभी, ये राख का क्या करती हो?" मेहुलने एकदा विचारलं. "कोई केमिकल बनाती हो क्या?"

केमिकलच्या कारखान्यांनी वेढलेल्या बोईसरमध्ये हा प्रश्न शंकेखोर मानत नाहीत. समिधा म्हणाली, "औषध."

तेवढ्यात रस्ता खोदायला घेतला गेला आणि मेहुलकडे पंक्चरांची रांग लागली. याचं श्रेय त्याने भाभीच्या फुलांना दिलं.

इकडे माई राख खोबरेल तेलात कालवून सकाळ-संध्याकाळ गुडघ्याला चोळायच्या. पोर आपल्यासाठी अनवाणी जाते तर आपण बसून कसं राहायचं, म्हणून आधी गॅलरीत, मग जिन्यात, मग सोसायटीच्या फाटकापर्यंत चालायला लागल्या. आणि गुडघा बरा व्हायला लागला.

हे समिधाच्या हिशेबात नव्हतं. पाप केलं की काहीतरी वाईट होतं, एवढं तिला शिकवलेलं होतं. पापातून सासूचा गुडघा वाकायला लागला तर काय करायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. माई रोज थोडं जास्त वाकवून दाखवायच्या, आणि समिधा चहा अर्धाच ठेवून उठायची. तिच्या ताटात न मागता जास्तीची भाकरी यायला लागली. "खा. उपाशीपोटी टेकडी चढतेस."

मग माईंनी स्वतः फोन करून ऑपरेशन रद्द केलं. डॉक्टरांना सांगितलं, "आमच्या सुनेनं नवसानं बरा केलाय गुडघा."

त्या रात्री समिधाने धीरजला सगळं सांगितलं. धीरजने सेफ्टी ऑफिसरला शोभेल इतक्या शांतपणे ऐकून घेतलं. "तू आत्ता सांगितलंस तर तिचा गुडघा पुन्हा दुखेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मला यातलं काही माहीत नाही," धीरज म्हणाला आणि कुशीवर वळला.

सकाळी तिने धीर केला. "माई, नवसाचं एक सांगायचं होतं—"

माईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "नवसातलं बोलून दाखवायचं नसतं. फळ जातं." मग स्वतःच बोलल्या, "रविवारी सव्वा महिना भरतोय. मी येते तुझ्याबरोबर. पायऱ्या चढून देवीची ओटी भरीन."

शर्यत त्याच रविवारी होती. सव्वा महिना तिने शर्यतीवरूनच मोजला होता.

शनिवारी तिने छातीवर लावायचा नंबर हातात घेतला, मग पर्समध्ये ओटीच्या खणाखाली ठेवला. या पायांना कोळगावचा रस्ता दाखवायचा राहून जाणार होता. पण माई जिन्यात बसून नवी काठी पुसत होत्या, तिला फुलांची माळ बांधत होत्या. समिधाने मेहुलला सायकल परत घ्यायला सांगितलं.

रविवारी दोघी टेकडीच्या पायऱ्या चढल्या. माई दर दहा पायऱ्यांवर थांबायच्या, हसायच्या आणि पुढे निघायच्या. वर देवळाशी फुलं घेऊन बसलेल्या, देवीची पूजा करणाऱ्या गोजराबाईचे त्यांनी दोन्ही हात धरले.

"बाई, तुमच्या अंगाऱ्यानं इथवर आले बघा."

"अंगारा?" गोजराबाई म्हणाली. "अंगारा इथं नाय मिलत, बाय. वारा केवढा हाय बगा, उदबत्ती टिकतच नाय. आमी कुंकू देतो."

"माझी सून आणते की रोज. ही."

गोजराबाईने समिधाला नीट न्याहाळलं. मनात काही वाईट नव्हतं तिच्या. "हिला मी आजच बगते."

वारा खरंच फार होता. माईंनी डोक्यावरचा पदर घट्ट धरला.

"मग मी चोळत होते ते काय?"

"उदबत्तीचीच राख. मेहुलच्या दुकानातली."

"सायकलवाल्या?"

"हो."

"आणि माझी फुलं?"

"त्याच्याकडच्या देवीच्या फोटोला वाहिली. तुमचं नाव सांगून," समिधा म्हणाली. एवढं एक खरं होतं. "मी पळायला जात होते, माई. बायकांची शर्यत आहे. धावायची आणि सायकलची."

"कधी?"

"आता सुरू झाली असेल."

माई देवीकडे वळल्या. ओटी भरली, हात जोडले आणि बराच वेळ जोडलेलेच ठेवले. उतरताना समिधाने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कठडा धरून उतरल्या.

"दुखतोय का?"

"गुडघ्याचं नाव तू काढू नकोस."

घरी परतल्या तेव्हा सोसायटीच्या फाटकात दीपिका उभी होती. "माई, चढलात?"

"चढले," माई म्हणाल्या. "जागृत आहे हो देवी. अंगारा तर विचारू नकोस." आणि समिधाकडे न बघता वर निघून गेल्या.

दिवसभर घरात भांड्यांचेच आवाज. दुसऱ्या पहाटे समिधाला जाग आली, तर माई दारात उभ्या. हातात अंगाऱ्याची डबी, रिकामी.

"संपलाय. घेऊन ये."

"कुठून?"

"जिथनं आणत होतीस तिथनं." जास्वंदीचं फूल त्यांनी पुढे केलं. "आणि दवाखाना उघडला की ऑपरेशनची तारीख परत घे. देवीवर माझा भरवसा आहे. तुझ्यावर नाही."

समिधाने मान हलवली आणि सवयीने बूट हातात घेतले.

"घाल ते," माई म्हणाल्या.

ती उंबऱ्यात बसून बूट घालू लागली. माई वर उभ्या राहून बघत होत्या. नाडीची गाठ तिला दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली. मग ती पळत निघाली, आणि सव्वा महिन्यात एकदाही न चावलेले ते बूट मेहुलच्या दुकानापर्यंत चावत राहिले.