कलंडलेला ट्रक

“पाय अडकलाय ह्याचा. पहारीला हात लावा रं कुणीतरी,” लालासाहेब मागं न बघता म्हणाले.

कराडच्या पुढं, सहापदरी महामार्गावर गोड्या तेलाच्या डब्यांचा ट्रक कलंडला होता. चेपलेल्या केबिनमध्ये ड्रायव्हर अडकला होता, पंचविशीचाही नसेल. लालासाहेबांचं पंक्चरचं दुकान समोरच. पलटणीतून निवृत्त झाल्यापासून ते तिथं बसत. आवाज ऐकून ते पहार घेऊन धावले, पण एकट्याच्या जोरानं पत्रा हलत नव्हता.

गाव लगेच आलं. मोटरसायकली आल्या, ट्रॅक्टरही आला. पण सगळे गेले ट्रकच्या मागच्या अंगाला.

शेजारचा वीरधवल दोन्ही हातांत डबे घेऊन निघाला होता.

“वीरधवल, इकडं ये गड्या.”

“आलोच आबा. एवढं डबं घरी ठिवतो.”

तो परत आलाही, पण पुन्हा मागच्या बाजूलाच वळला.

पोरानं पाणी मागितलं. लालासाहेबांनी बाटली तोंडाला लावली.

“जाऊ नका, आबा.”

“न्हाई जात, बाळा.”

अँब्युलन्सला गर्दीतून वाट मिळेपर्यंत त्यांच्या हातातला हात गार पडला होता.

संध्याकाळी घरी सून रेश्मा भजी तळत होती. कोपऱ्यात तेलाचा नवा डबा होता.

“समद्यांनीच आणलं, मामा,” रेश्मा हळूच म्हणाली. “आपुन एकट्यानं न आणून काय हुणार हुतं?”

लालासाहेबांच्या तरुणपणी नदीला पूर आला होता, तेव्हा ह्याच गावानं पाण्यात उतरून अनोळखी वऱ्हाड बाहेर काढलं होतं. गावाला तेव्हा धड रस्ताही नव्हता.

“मला भूक न्हाई,” म्हणून ते बाहेर बाजेवर जाऊन पडले. गल्लीतल्या प्रत्येक घरातून तळणाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी जतकडून पोराचा बाप आला. प्रेत ताब्यात घेण्याआधी त्याला जागा बघायची होती. रस्त्यावरच्या काचांकडे बघत तो दुकानाशी उभा राहिला.

“माझ्या पृथ्वीराजजवळ कुणी हुतं का वो? का एकलाच गेला?”

लालासाहेबांनी त्याला खुर्ची दिली.

“हुतं की,” ते म्हणाले. “समदं गाव हुतं.”

पोराच्या बापानं पायातल्या चपला काढल्या. गावाकडं तोंड करून तो कितीतरी वेळ हात जोडून उभा राहिला. लालासाहेबांना मान वर करता आली नाही.