आवाज खर्ज्याचा

“...गिटारवादक आणि मुख्य गायक यांना साथ देणारे, खर्जाची गिटार वाजवणारे...” निवेदिका कागदावरचं वाचत होती. मी तिला मध्येच थांबवलं.

“मुख्य गायक तोच होता.”

“कोण तोच?”

“गेला तो. खर्जाची गिटार वाजवायचा आणि गायचाही तोच.”

तिने कागद खाली ठेवला. पोरगी चांगली होती, तयारी करून आली होती. “पण काका, आमच्या संग्रहातल्या कार्डावर गायक म्हणून गिटारवादकांचं नाव आहे. टीव्हीवरचा तो जुना कार्यक्रमही मी पाहिलाय. तेच गातायत की त्यात.”

“ओठ हलवतोय.”

रेडिओ केंद्राच्या त्या छोट्या खोलीत घड्याळात दहा चाळीस झाले होते. अकराला त्याच्या आठवणींचा कार्यक्रम थेट जाणार होता. निवेदिकेने काचेपलीकडच्या तंत्रज्ञाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अहो, ते स्वतः फोनवर असणारेत. त्यांच्या तोंडावर असं कसं बोलायचं?”

“बोलू दे की त्यालाही,” मी म्हणालो.

बँडमध्ये आम्ही तिघं होतो. गिटारवाला, त्याला आम्ही हिरो म्हणायचो. ड्रमवर मी. आणि खर्ज्या. त्याची गिटार चार जाड तारांची, तिच्यातून निघायचा तो खर्ज, म्हणून हे नाव. बुटका, अंगाने भरलेला, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. ऐकणाऱ्यांना त्याचं वाजवणं वेगळं कळायचं नाही. कळायचं ते मला, कारण त्याच्या बोटांच्या चालीवर ड्रमच्या पेडलवरचा माझा पाय चालायचा. मी तालात जरा जरी पुढे सरकलो, तर तो मान वर न करता एक सूर लांबवायचा आणि मला जागेवर आणून बसवायचा. कार्यक्रमानंतर त्याबद्दल अवाक्षर नाही.

सुरुवातीला हिरोच गायचा. एका कॉलेजच्या कार्यक्रमात ऐन वेळी त्याचा घसा बसला. खाली पाचशे पोरं शिट्ट्या मारतायत आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. खर्ज्या म्हणाला, “शब्द येतात मला.” त्याने माईक ओढून माझ्या ड्रमजवळ आणला, लोकांकडे पाठ केली आणि माझ्याकडे तोंड करून तो गायला.

आवाज गोड नव्हता. जरा खरखरीत, सर्दी उतरताना असतो तसा. पण आपल्याला आधीच ठाऊक असलेली वाईट बातमी जवळच्या माणसाने शेजारी बसून सावकाश सांगावी, तसं ते गाणं वाटलं. आणि हे करताना बोटं वेगळ्याच चालीवर. हात एकीकडे, गळा दुसरीकडे. करून बघा कधी. मला आजतागायत जमलेलं नाही. दुसऱ्या कडव्याला शिट्ट्या थांबल्या. त्यानंतर हिरोला कुणी गा म्हणालं नाही, आणि हिरोनेही विषय काढला नाही.

‘शेवटून दुसरं घर’ हे आमचं एकच गाणं गाजलं. शब्द आणि चाल खर्ज्याची. कॅसेटवर गायक म्हणून तिघांच्याही नावांऐवजी फक्त बँडचं नाव होतं. मग टीव्हीवरून बोलावणं आलं. निर्मात्याने आम्हाला ओळीत उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“गातं कोण?”

“मी,” खर्ज्या म्हणाला.

“हं.” निर्माता हिरोकडे वळला. “आवाज टेपचाच लागणार आहे. तोंड कुणाचं का असेना. माईकपुढे तुम्ही या.”

हिरो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. त्याच्या मनात काय होतं ते सांगायची गरज नव्हती. खर्ज्या माझ्याकडे वळला.

“तुझं काय म्हणणं?”

“एकदाचंच तर आहे,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला. मागे जाऊन उभा राहिला आणि गिटारच्या तारा जुळवत बसला. त्या दिवशी त्या गिटारीला वायरसुद्धा जोडलेली नव्हती.

एकदाचं कसलं. कार्यक्रम लोकांना आवडला, पुन्हा पुन्हा दाखवला गेला आणि तो आवाज हिरोच्या चेहऱ्याला कायमचा चिकटला. पुढे लोक हिरोलाच सह्या मागायचे. आम्हा तिघांची अळीमिळी गुपचिळी. तीन वर्षांनी हिरो स्वतंत्र झाला, स्वतःच्या आवाजात दोन कॅसेटी काढल्या, त्या पडल्या. लोक म्हणाले, आवाज गेला बिचाऱ्याचा. बिचारा!

खर्ज्याने लिफ्टच्या कंपनीत नोकरी धरली. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. मोटारीच्या घरघरीवरून काय बिघडलंय ते सांगायचा, म्हणून कंपनीत त्याला मान होता. बायको त्याला लिफ्टमध्येच भेटली. वहिनी एका हॉस्पिटलात नर्स होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या, तेव्हा हा वरून ओरडला, “घाबरू नका, बटणं दाबू नका आणि मला प्रश्न विचारू नका.” त्या आतून म्हणाल्या, “मग मी करू काय?” याला उत्तर सुचेना, तेव्हा गायला लागला. हे वहिनी सांगायच्या आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा.

लिफ्टच्या उभ्या बोगद्यात आवाज घुमतो. तिथे तो काम करताना गायचा. एकदा त्याच्यासाठी बनवलेला चष्मा द्यायला मी एका इमारतीत गेलो. चष्म्याचं दुकान मी तोवर टाकलं होतं आणि त्याचा नंबर मला पाठ होता. चौथ्या मजल्यावर एक बाई दारात उभ्या होत्या, शेजारचे एक म्हातारे गृहस्थ जिन्यावर बसले होते. बाई मला म्हणाल्या, “रेडिओ कुणी लावलाय हो? आवाज वाढवायला सांगा ना.” मी बोगद्यात डोकावून ते त्याला सांगितलं. झालं! पुढचा तासभर त्याच्या तोंडून पान्ह्यांच्या नंबरांशिवाय काही निघालं नाही.

त्या टीव्हीच्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. चाळीस वर्षं गेली. गेल्या वर्षी त्याचं फुप्फुस बिघडलं. मी रोज दुकान बंद केल्यावर संध्याकाळी तासभर जायचो. आवाज पार बसला होता, कुजबुजल्यासारखा बोलायचा. एका संध्याकाळी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या, तेव्हा मी धीर करून म्हणालो, “त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं.”

कुठल्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही.

“अरे, नाही म्हणाला असतास तर टीव्हीच गेला असता हातचा,” तो म्हणाला. “तुला हौस होती, त्याला हौस होती. मला तरी पुढे उभं राहायला कुठे आवडायचं?”

“तरी पण.”

त्याने दम घेतला. “तू हो म्हणालास, त्याचं काही नाही रे. पण लगेच म्हणालास. जरा थांबला असतास... एवढंसं. बाकी सगळीकडे तुला मी आवरायचो. तिथे कसा आवरणार?”

त्याने माझ्या मनगटावर थोपटलं आणि विचारलं, “नव्या चष्म्याचं काय झालं? हा नाकावरून घसरतोय.” मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी नवा चष्मा नेला, त्याच्या दांड्या वाकवून नीट बसवून दिल्या. तीन आठवड्यांनी तो गेला.

रेडिओवाल्यांचा फोन आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, “तुम्हीच जा भाऊजी. मला नाही जमायचं. फक्त वाढवून काही सांगू नका. ह्यांना खपायचं नाही.”

अकरा वाजले. लाल दिवा लागला. निवेदिकेने कागद बाजूला सारला आणि सरळ मला विचारलं, “काका, ‘शेवटून दुसरं घर’ हे गाणं कुणी गायलं?”

मी त्याचं नाव घेतलं. म्हणालो, आवाज त्याचा होता, गाणंही त्याचं होतं, टीव्हीवर दुसऱ्याने ओठ हलवले. ते ठरलं तेव्हा मला विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत एवढं सांगायला.

फोनवर हिरो होता. काहीच ऐकू येईना. निवेदिका तंत्रज्ञाला खुणेने विचारत होती, फोन कटला का म्हणून. तंत्रज्ञाने नाही म्हणून मान हलवली. मग हिरोचा श्वास ऐकू आला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. म्हाताऱ्याचा आवाज. “मी नाही गायलो ते. लोक समोर येऊन कौतुक करायचे, म्हणायचे, तुमचं गाणं ऐकून आम्ही लग्न केलं. त्यांना काय सांगणार? एकदा नाही सांगितलं की मग राहूनच जातं.” मग म्हणाला, “गाणं लावा आता. मला ऐकायचंय.”

गाणं लागलं. मी टेबलावर हात ठेवून बसलो होतो. दुसऱ्या कडव्याआधी खर्ज्या एक श्वास घेतो, तेवढ्यात गळा गप्प असतो आणि बोटं चालत राहतात. निवेदिकेने तिथे डोळे मिटले. नंतर म्हणाली, “हे मी शंभरदा ऐकलंय. खालचं हे कधी ऐकूच आलं नव्हतं.”

बाहेर आलो तर वहिनींचा फोन. “ऐकलं,” त्या म्हणाल्या. मग, “जेवलात का?”

निघताना निवेदिका मला तळमजल्यावर संग्रहाच्या खोलीत घेऊन गेली. तिथे निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या, स्वेटर घातलेल्या. थेट कार्यक्रम त्यांनीही ऐकला होता. त्यांनी लाकडी खण ओढून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं, पट्टी ठेवून गायकाच्या रकान्यातलं नाव एका रेघेत खोडलं आणि पेन उघडून माझ्याकडे पाहिलं.

“पूर्ण नाव सांगा. आडनावासकट.”

मी सांगितलं. ते नाव एवढ्या वर्षांत मी पूर्ण असं कधी उच्चारलंच नव्हतं. कुणा अनोळखी सभ्य गृहस्थाचं असावं तसं वाटलं.

“आडनावात पहिली वेलांटी की दुसरी?” बाईंनी विचारलं.

“दुसरी,” मी म्हणालो.

त्यांनी ती काढली, शाईवर हलकेच फुंकर घातली आणि वाळेपर्यंत कार्ड हातात धरून बसल्या.