गोळीआधी चहा नाही

मी गोळ्यांची डबी बोलतेय. दचकू नका, पोटात सात खण असले तरी मन माझं एकच आहे.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी माझ्यात कानातली ठेवील, गेला बाजार सुया तरी. पण औषधाच्या दुकानातून या घरच्या आईंनी मला उचललं आणि माझ्यात आकडीच्या गोळ्या भरल्या. त्यांच्या लेकीला, ठमीला, मधूनच आकडी यायची. गोळ्या वेळेवर घेतल्या की गप्प बसायची. आकडी हो, ठमी नव्हे!

आई मोठ्या श्रद्धाळू. लेकीची आकडी कायमची जावी म्हणून त्यांनी कडक उपास धरला, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आई आपल्यासाठी कोरडी राहते हे बघून ठमीनंही गुपचूप उपास केला. पाणी नाही, म्हणून गोळीही नाही. माझा त्या दिवसाचा खण भरलेलाच राहिला. मी ओरडणार कशी? संध्याकाळी देवासमोरच तिला आकडी आली.

डॉक्टरीणबाई दोघींवर उखडल्या. "गोळी चुकवा असं देवानं सांगितलं का तुम्हाला?"

आईंनी तिथल्या तिथे व्रत बदललं. ठमीनं गोळी घेतल्याशिवाय आपण चहाचा घोट घ्यायचा नाही. आता चहा म्हणजे आईंचा जीव की प्राण!

"ठमे, घेतलीस का गं? डोकं ठणकतंय माझं!"

"मला तरी द्या की चहा," बाबा म्हणायचे.

"थांबा जरा. एकटीलाच पुण्य नको मला."

पुढे ठमीला शिवणाच्या दुकानात काम लागलं. तिथे तिनं आकडीचं कुणाला सांगितलं नाही. कळलं तर मशीनवर बसू देणार नाहीत, ही धास्ती. आणि एका सकाळी घाईत गोळी राहिली. आई मला मुठीत धरून थेट दुकानात.

"ठमे, आकडीची गोळी विसरलीस! माझा चहा खोळंबलाय!"

सगळ्या मशिनी थांबल्या. ठमीचा चेहरा उतरला. इस्त्रीवाले काका चप्पल काढून एका पायावर उभे राहिले. "चप्पल हुंगवू का?"

"अहो, घाला ती पायात!" आई म्हणाल्या. "चप्पल नको, तोंडात चमचा नको. आकडी आलीच तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं आणि जवळ बसायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, तर दवाखाना."

"मास्तर, मी निघू का?" ठमीनं डोळे पुसत दुकानाच्या मालकांना विचारलं.

मास्तरांनी टेबलाचा खण ओढला आणि आतून एक डबी काढली. अगदी माझ्यासारखीच!

"माझी बीपीची राहिलीच होती बघ. पाणी आण, दोघांना. मग बस मशीनवर. बाह्या कोण लावणार, मी? आणि काकूंना चहा सांगा कुणीतरी!"

आता मी रोज ठमीबरोबर दुकानात येते आणि मास्तरांच्या डबीशेजारी ऐटीत बसते. आकडी अजून पुरती गेलेली नाही, पण बऱ्याच दिवसांत फिरकलेली नाही. आईंची प्रार्थना चालू आहे, मीही मनोमन हात जोडते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला कपड्यांखाली दडवू नका. चारचौघांत ठेवा. ती कुणाचं काही सांगत नाही, फक्त आठवण करून देते.