दुखवट्याची साडी

टॉवेल-टोपी भरतला, साडी साळुबाईला. पिशवी रिकामी झाली, तरी हर्षालीसाठी काही निघालं नाही.

"कुशाबा, सुनेची साडी गाडीतच ऱ्हायली का रं?" मी विचारलं.

"न्हाई आक्का," तो म्हणाला आणि उगाच डोक्यावरची टोपी सारखी करत बसला.

दुखवटा घेऊन येणारा पाहुणा पोराच्या आईला विसरत नाही. विसरला, तर मुद्दाम विसरतो.

मी भरतची आत्या. साळुबाई माझी भावजय, म्हणजे त्याची आई, आणि हा कुशाबा तिचा भाऊ. मला याच गावात, बोरीतच दिलेली, त्यामुळे माहेरी खुट्ट झालं तरी मी हजर असते. कुणाला आवडो न आवडो.

आमचा अमृत, भरत-हर्षालीचा एकुलता एक, गेला. उसाच्या कडेला गेलेला चेंडू आणायला धावला आणि बिबट्यानं उचलला. दुसरीत होता. पुढचं मला सांगवत नाही, आणि मी सांगणारही नाही.

चहा ठेवला होता. कुशाबा भरतला म्हणाला, "लई माजल्यात राव. सरकारनं बिबट्यांचंच नसबंदीचं आपरेशन करायला पायजे."

झालं! तो शब्द निघायचीच खोटी.

"आमच्या घरात झालं की आपरेशन!" साळुबाई कडाडली. "एका पोरावर! एवढी काय घाई व्हती गं तुला? एकावर थांबू नका म्हणून कानीकपाळी वरडत व्हते मी. ऐकलं का कुणी?"

हर्षाली तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. कधीच करत नसे.

एकावर थांबायचं हे दोघांनी ठरवलेलं होतं, हे मलाही माहीत होतं. धर्माजी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची जमीन वाटण्या होऊन होऊन इतकी अरुंद झाली आहे की बैल वळवायला शेजाऱ्याच्या रानात जावं लागतं. "पोरं वाढत्यात आत्या, रान वाढत न्हाई," भरत म्हणायचा. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करून तो घर चालवतो. त्याचं म्हणणं मला पटायचं.

कुशाबानं घसा खाकरला. "डिंगोऱ्याला एक पोरगी हाय. नवऱ्यानं टाकलेली, पण घर चांगलं. ह्यांची आपसात फारकत करून टाकू. घराला दिवा पायजे का नको?"

मी भरतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"आणा मामा," हर्षालीच म्हणाली. "मी पिंपळवंडीला जाते, आईकडं." ताट बाजूला ठेवून ती आत गेली आणि खुंटीवरची पिशवी घेऊन आली. अगं भांड की बये, मी मनात म्हटलं.

"खाली ठेव ती पिशवी," भरत म्हणाला. मग आईकडे वळला. "आई, आपरेशन हिचं न्हाई झालं. माझं झालंय."

कुशाबा हसला. "चेष्टेची येळ हाय का राव ही?"

"अमृत रांगत व्हता तवा. बाळंतपणात हिचं रक्त थांबत नव्हतं, आठवतंय ना आई? डॉक्टर म्हणले, परत दिवस गेले तर जिवावर बेतंल. मग तिला कशाला कापायचं? मीच करून आलो. लोक बायल्या म्हणतील म्हणून हिचं नाव पुढं केलं. ती कबूल झाली."

मला एकदम आठवलं. तेव्हा हा फेंगडा चालायचा. "गाडीवरनं पडलास का रं?" म्हणून मी पोट धरून हसले होते. आणि साळुबाईनं सुनेसाठी वळलेले डिंकाचे लाडू सून गपचूप नवऱ्यालाच चारायची. तेव्हाही मी तिला बायकोवेडा नवरा मिळाला म्हणून चिडवलं होतं.

एवढी वर्षं सासूची बोलणी खाऊन पोरीनं नवऱ्याचं झाकलं. आज तेच झाकत घर सोडून निघाली होती. मला रडूच फुटलं.

"परत जोडत्यात म्हणं," साळुबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "टीव्हीवर सांगत व्हते."

"जोडत असतील. पर हिला मरणाच्या दारात न्हाई न्यायचं मला. आन् दुसरी आणायची न्हाई." भरतनं पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. "आता कुणी न्हाई, आई. अमृतच व्हता."

सुनेचा दोष होता तोवर साळुबाईला नातवाची आशा होती. ती तिच्या लेकानंच संपवली. कुशाबा चहा न पिताच उठला आणि त्याला कुणी बस म्हटलं नाही.

साळुबाईनं मांडीवरची साडी उचलून हर्षालीच्या ओटीत ठेवली.

"नेस."

"आई, ही तुमची हाय."

"दुखवटा पोराच्या आईचा असतोय. नेस म्हणते ना."

दिवस कलला, तशा आळीतून हाका सुरू झाल्या. बिबट्याच्या भीतीनं अंधार पडायच्या आत सगळ्या आया पोरांना घरात बोलावतात. "आत ये रं! आलास का?" चहूकडून तेच.

साळुबाई सवयीनं उठून दारात गेली. अमृतला हाक मारायला तोंडापाशी हात नेला. मग तिनं अंगणातला दिवा लावला आणि दार ओढून घेतलं.