छपरावरचा करडा रंग

ताई माझी मोठी बहीण, आणि मला रंग शिकवणारीही तीच. टेकडीखालच्या झाडीतलं जुनं कोठार घेऊन तिने तिथे सुतारकाम थाटलं होतं. त्या दिवशी मी समोरच्या उतारावर बसून तेच कोठार जलरंगात काढत होतो.

भिंती झाल्या, झाडं झाली. मग छपरावर एक करडा पट्टा दिसला, निळसर, काठाला पिवळट. वा, म्हटलं, धुकं! टळटळीत उन्हात धुकं कुठलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमची अक्कल ब्रशला बांधलेली. निळ्यात तपकिरी मिसळून पाहिला, जमेना. पुन्हा मिसळला. छपराचा रंग नीट वाळू दिला आणि मग त्यावर तो करडा हलक्या हाताने सोडला. हुबेहूब उतरला. खूश होऊन मान वर केली, तर पट्टा काळा झाला होता.

मी धूम ठोकली. आत करवतीचं यंत्र घरघरत होतं, माझ्या हाका कुठल्या पोचायला! दारापाशी गेलो तेव्हा पलीकडून ताई कडी ओढत होती. लोखंडी कडी, तापलेली. लाथा घालून फळी मोडली आणि तिला बाहेर खेचलं.

ती वाचली. उजव्या हाताची तीन बोटं मात्र आता मिटत नाहीत. "हा होता म्हणून मी आहे," असं ती येईल त्याला सांगते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. चित्र मी कपाटामागे दडवलं होतं. काल ते तिच्याच हाती लागलं.

खिडकीपाशी नेऊन तिने ते तिरकं धरलं.

"हा धूर ओल्यावर सोडलेला नाही," ती म्हणाली. "खालचा थर वाळू दिलास."

"हं."

"किती वेळ लागला?"

थाप मारायची तर हीच वेळ होती. पण थर वाळेपर्यंत थांबायला मला हिनेच शिकवलं होतं.

"दहा मिनिटं. थोडी जास्तच."

तिने चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. आत जाऊन हातोडी घेऊन आली, डाव्या हातात.

"भिंतीवर खिळा धर."

"ताई, डाव्या हाताने तुला अजून..."

"धर म्हणते ना."

मी दोन बोटांत खिळा धरला. हातोडी वर गेली. भीतीने मी डोळे मिटले, पण बोटं काढली नाहीत.