हळदीकुंकवाची यादी

बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून विलासरावांनी गिऱ्हाइकाला कधी 'या' म्हटलं नव्हतं. गरज असेल तो येईल, टोकन घेईल, ताटकळेल. तेच विलासराव व्हीआरएस घेऊन एका खासगी विमा कंपनीचे एजंट झाले आणि हिंदी मुलखातल्या त्या गावात, फ्रीगंजच्या बाजारात, दिसेल त्याला "भाईसाब, चाय तो पीजिए" म्हणू लागले. त्या गोडगोड आवाजाची त्यांच्या बायकोला, विजयाबाईंना, शिसारी यायची.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा खर्चही कंपनीच करणार होती. वाण म्हणून स्टीलचे डबे आले. झाकणावर कंपनीचं नाव, आत फॉर्म.

"वाणाला कोणी नाही म्हणत नाही," विलासराव खुशीत म्हणाले. "फॉर्म अपने आप घरोघरी पोचतो. आणि हो, जयूवहिनींनाही बोलाव. आता कुठं राहिलंय ते जुनं सगळं?"

जयू विजयाबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. तिचे यजमान रेल्वेत होते, ते दीड वर्षापूर्वी गेले. गेल्या संक्रांतीला विजयाबाईंनी तिला तिळगूळ घरी पाठवला, पण हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. रीतच तशी आहे, अशी मनाची समजूत घातली होती. आता नवराच असं म्हणाला म्हटल्यावर त्यांना भरून आलं. कधी नव्हे तो माणूस शहाण्यासारखं बोलला होता.

जयू आली ती दारातच घुटमळली. विजयाबाईंनी तिला हात धरून आत नेलं, सगळ्यांदेखत कुंकू लावलं. जयूच्या डोळ्यांना धार लागली. बाकीच्या बायकांना ते रुचलं नसावं, पण उठून कोणी गेली नाही.

अत्तरदाणी आणायला विजयाबाई आतल्या खोलीत गेल्या, तर टेबलावर पाहुण्यांची यादी पडलेली. अक्षर विलासरावांचं. जयूच्या नावापुढे लिहिलं होतं, 'यजमान वारले. फंड मिळाला. मुलगा बाहेरगावी. विचारणारं कोणी नाही.'

विजयाबाईंना नवऱ्याची किळस आली. आपल्या हाताला लागलेलं कुंकूही त्यांना नकोसं झालं.

त्या बाहेर आल्या तोवर विलासराव जयूसमोर खुर्ची ओढून बसले होते. "वहिनी, पूरा फंड यातच टाका. तीन साल में डबल. चिंता की कोई बात नहीं."

जयूने पेन हातात घेतलंच होतं. "विजूनं एवढ्या मानानं बोलावलं, आता तुम्हाला नाही कशी म्हणू?"

"सही करू नकोस, जयू," विजयाबाई मोठ्याने म्हणाल्या. "तुझ्या पैशांसाठी बोलावलंय तुला यांनी. आत यादी आहे, हवी तर दाखवते."

"पागल झालीस का?" विलासराव ओरडले. "चार बायकांसमोर?"

जयूने पेन खाली ठेवलं. विलासरावांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"म्हणजे तू नव्हतंस बोलावलं, विजू?"

गेल्या वर्षी कंपनी नव्हती, यादी नव्हती, तेव्हाही जयू याच गावात होती. मघाशी नवऱ्याची आली होती तशीच किळस आता विजयाबाईंना स्वतःची आली.